अकरा दिवसांचं पाणी

मुलगी: नुसती सही हवीय, बाबा. वाचलं नाहीत तरी चालेल.

बाबा: एकोणतीस वर्षं नोकरी केली, न वाचता कशावर सही केली नाही. चष्मा दे. तुझ्याच कागदांखाली असेल कुठेतरी.

मुलगी: पाचला अर्ज बंद होतो. सव्वातीन झालेत.

बाबा: मग तू चष्मा शोध, आणि शोधता शोधता सांग काय लिहिलंय.

मुलगी: हेच की दरडीच्या तळ्याची पातळी तुम्ही रोज सकाळी सातला पट्टीवर स्वतः वाचलीत आणि वहीत लिहिलीत. निवृत्त होईपर्यंत, एकही दिवस न चुकता. हा घ्या चष्मा.

बाबा: एवढ्या मोठ्या यंत्राला माझी सही कशाला लागते? तू तर म्हणालीस, त्याला राहायला सभागृहाएवढी खोली लागते, आणि ती खोली गार ठेवायला आणखी चार यंत्रं.

मुलगी: सही यंत्राला नको, समितीला हवी. सुपरकॉम्प्युटर एक आणि मागणारे शंभर. कुणी समुद्राचा अभ्यास करतं, कुणी हवेचा, कुणी जंगलातल्या वणव्यांचा. कुणाला किती तास द्यायचे ते समिती ठरवते. ते विचारतात, तुमचे आकडे कुठून आले, कुणी मोजले, त्याची लेखी हमी द्या.

बाबा: आणि तास दिले नाहीत तर?

मुलगी: तर माझ्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर एकेक गणित पाच महिने चालेल. मला तशी तीनशे करायचीत. दरडीचा तो बांध काही कुणी बांधलेला नाही. डोंगर घसरला, नदी अडली आणि तळं झालं. आत दगड कुठे, माती कुठे, कुणालाच माहीत नाही. तो किती पाण्याला फुटेल, कुठून फुटेल, आणि फुटला तर खालच्या वस्तीला पळायला दहा मिनिटं मिळतील की चाळीस, एवढं मला सांगायचंय. पुढच्या महिन्यात वरचं बर्फ वितळायला लागेल, बाबा.

बाबा: ते मला नको सांगूस. या कागदावर खाली हे काय आहे? 'चाचणीसाठी निवडलेला कालावधी'.

मुलगी: आपला प्रोग्रॅम विश्वासाचा आहे हे दाखवावं लागतं. पूर्वी खरोखर घडलेली एखादी गोष्ट द्यायची, आणि तो ती बरोबर काढतो का ते बघायचं. दोन वर्षांपूर्वी तळं सलग अकरा दिवस चढलं होतं, तेच घेतलं. इतकं सलग दुसरं नाही तुमच्या वह्यांत.

बाबा: दुसरं वर्ष घे.

मुलगी: का?

बाबा: ते दिवस कशाला? तुझी आई दवाखान्यात होती ते दिवस. अर्जात तरी नकोत ते.

मुलगी: मलाही आधी तसंच वाटलं होतं. आठवडाभर ती फाइल उघडली नाही मी. पण माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या की अभ्यासात असं मागे हटता येत नाही. आणि चाचणी इतकी सुंदर जुळली की त्यांनी सगळ्या विभागाला बोलावून तो आलेख दाखवला. तुमची रेघ आणि माझ्या प्रोग्रॅमची रेघ एकमेकींवर बसलेल्या. दोन बोटांचाही फरक नाही.

बाबा: इतकी जुळली?

मुलगी: हो. आणि खरं सांगू, तेव्हापासून मला झोप नाही.

बाबा: जुळलं तर आनंद व्हायला हवा.

मुलगी: पाणी इतकं जुळत नाही कधी. म्हणून परवा मी तुमच्या वह्या पुन्हा काढल्या, सगळ्या एकोणतीस. तुमच्या आकड्यांत पाणी थांबतं, बाबा. कधी दोन दिवस एकाच आकड्यावर, कधी तीन दिवस. मधेच एखादं बोट खालीही येतं. या अकरा दिवसांत ते एकदाही थांबलं नाही. एकही आकडा दोनदा आला नाही.

बाबा: तळ्याची मर्जी.

मुलगी: मी हेच म्हटलं स्वतःला. सही करा मग.

बाबा: पेन चालत नाहीये हे.

मुलगी: तुम्ही टोपण काढलेलं नाही.

बाबा: बस जरा. उभी राहून माझ्या डोक्यावर बोलू नकोस. बस.

मुलगी: बसले.

बाबा: मी तळ्यावर गेलो नव्हतो.

मुलगी: कधी?

बाबा: त्या दिवसांत. एकही दिवस नाही. दवाखान्यातून तळ्यावर जायला-यायला पाच तास लागायचे. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं की जवळ राहा, तास सांगता येत नाही. पाच तास कुठून आणू मी?

मुलगी: कचेरीत सांगायचं होतं.

बाबा: सांगितलं की. साहेब म्हणाले, बदली माणूस नाही, रकाना रिकामा सोडा. रिकामा. आपल्या वहीत एकही रिकामा रकाना नव्हता. तुझ्या जन्माच्या दिवशी नाही, माझी आई गेली त्या दिवशी नाही. वादळात दोर बांधून गेलोय मी त्या पट्टीपाशी. मी त्यांना म्हटलं, नाही साहेब, जातो मी. आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्यांचा नेहमीप्रमाणे फोन आला, आजचा आकडा काय म्हणून. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा. तोंडाला येईल ते सांगितलं.

मुलगी: अकराही दिवस?

बाबा: पहिला एकच माझा होता. आत आलो तर ती डोळे मिटून पडलेली. मला वाटलं झोपलीय. म्हणाली, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, अडखळता. काल ऊन होतं, आजही आहे, आणि तुम्ही एकच बोट चढवलंत? कुणीही पकडेल. उद्यापासून मी सांगेन तो आकडा सांगा.

मुलगी: आई म्हणाली असं?

बाबा: दर महिन्याचा कचेरीचा तक्ता कोण उतरवून काढायचं? माझं अक्षर साहेबांना लागायचं नाही म्हणून तीच काढायची. एकोणतीस वर्षं. तिला माझ्यापेक्षा तळं जास्त पाठ होतं. ऊन असलं तर इतकं, ढग असले तर इतकं, वारा सुटला तर इतकं कमी. खिडकीतून आभाळ बघायची आणि आकडा सांगायची. मी बाहेर जाऊन फोनवर सांगायचो. परत आलो की विचारायची, अडखळलात का?

मुलगी: मी नवव्या दिवशी पोचले तेव्हा ती मला सारखी विचारायची, ऊन कसं आहे. मला वाटलं तिला उजेड हवाय. मी पडदा पूर्ण सारून द्यायचे.

बाबा: तेच हवं होतं तिला.

मुलगी: मी सगळ्यांना तेच सांगत आलेय, बाबा. की शेवटी तिला ऊन बघावंसं वाटत होतं.

बाबा: मग ते काही चुकीचं नाही.

मुलगी: थांबा. माझ्या प्रोग्रॅममध्येही हेच आहे. किती ऊन, किती ढग, त्यावरून किती बर्फ वितळलं, आणि त्यावरून तळं किती चढलं. बाकी काही झालंच नाही असं धरलंय. आईनेही तेच केलं. म्हणून रेघा जुळल्या. माझा प्रोग्रॅम आईशी जुळलाय, बाबा. पाण्याशी नाही.

बाबा: हुशार होती ती.

मुलगी: पाण्याचं काय झालं मग त्या दिवसांत? खरं पाणी किती होतं?

बाबा: पाणी पी जरा. चेहरा बघ कसा झालाय.

मुलगी: बाबा.

बाबा: बाराव्या दिवशी मी गेलो तेव्हा तीन मीटर एक्काहत्तर होतं. तिचा शेवटचा आकडा तीन शहाऐंशी. पंधरा सेंटीमीटर उतरलं असेल, कुणाला शंका आली नाही.

मुलगी: तुम्हाला आली?

बाबा: मी पट्टीच्या खोलीचं दार उघडायला गेलो तर ते उघडेना. आतून खुर्ची आडवी झाली होती, दाराला अडकली होती. ती खोली चार मीटरच्या खुणेवर आहे. तिच्या आकड्याप्रमाणे पाणी उंबऱ्यापर्यंतही आलं नव्हतं. आणि आत भिंतीवर चिखल.

मुलगी: कुठपर्यंत?

बाबा: तिला नेऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट आहे ही. तू घरी झोपली होतीस. मला घरात बसवत नव्हतं. गेलो, बादली घेतली, फडकं घेतलं. खोली उघडली की आधी पुसून घ्यायचं ही सवय. हात चालत होते. अर्धी भिंत पुसून झाल्यावर ध्यानात आलं की मी काय पुसतोय.

मुलगी: आणि मग थांबलात.

बाबा: नाही थांबलो. सगळी पुसली.

मुलगी: फोटो नाही, वहीत टीप नाही, काही नाही?

बाबा: टीप लिहिली असती तर विचारलं असतं, अकरा दिवस तुम्ही कुठे होतात. आणि मग तिचे आकडे खोडावे लागले असते. जाऊन एक दिवस झाला नव्हता तिला.

मुलगी: दोन वर्षं तुम्ही हे मनात ठेवून बसलात. मी रोज जेवताना तुमच्याशी त्याच आकड्यांबद्दल बोलत होते.

बाबा: रोज वाटायचं, आज सांगू. तू म्हणायचीस, बाबा, तुमच्या वहीसारखी वही जगात नाही. मग घास तसाच गिळायचो.

मुलगी: पुसताना हात कुठपर्यंत नेलात ते आठवतं?

बाबा: खांद्यापर्यंत. तेवढं पक्कं आठवतं. वर हात करावा लागला नाही. चिखलाची कड माझ्या खांद्याला बरोबर लागत होती, सदऱ्याला डाग पडला होता. दोन बोटं इकडे तिकडे.

मुलगी: उठा. दाराला पाठ लावून उभे राहा. चपला काढा.

बाबा: तेव्हा पायात बूट होते.

मुलगी: मग ते घालून उभे राहा. टेप आणते.

(ती मोजते. दोनदा. मग कागदावर लिहून पुन्हा एकदा मोजते.)

बाबा: काय आलं?

मुलगी: एक मीटर अडतीस. खोलीची जमीन चार मीटरवर. म्हणजे पाणी पाच मीटर अडतीसवर गेलं होतं.

बाबा: मला हिशोब येतो. दोन वर्षं तोच करतोय.

मुलगी: बांधाची सगळ्यात सखल जागा पाच मीटर नव्वदवर आहे. मी अर्जात लिहिलंय की तेव्हा पाणी माथ्यापासून दोन मीटरहून जास्त खाली होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. ते अर्ध्या मीटरवर होतं, बाबा. खाली वस्ती झोपली होती आणि पाणी अर्ध्या मीटरवर होतं.

बाबा: आवाज चढवू नकोस, चढवून ते उतरणार नाही.

मुलगी: एवढं एकदम चढून उतरलं कसं? नुसत्या उन्हाने नाही होणार. तळ्यातलं पाणी बाहेर पडतं ते तोंड बुजलं असणार. वरून बर्फाची कड तुटून आली असेल, नाहीतर ओंडके अडकले असतील. पाणी तुंबलं आणि मग हळूहळू मोकळं झालं. पण मग खाली ओढा कोरडा पडायला हवा.

बाबा: पडला होता.

मुलगी: तुम्हाला कसं माहीत?

बाबा: तुझी मावशी म्हणाली नव्हती का, भेटायला आली तेव्हा? तुझ्यासमोरच म्हणाली. तिच्या मागच्या दारात तर ओढा.

मुलगी: हो, म्हणाली होती, 'ताई गेली त्या आठवड्यात ओढासुद्धा गप्प झाला होता.' मला वाटलं, बहिणीच्या दुःखात बोलतेय.

बाबा: ती कधी असलं काही बोलली आहे का? दिसेल तेवढंच सांगणारी बाई.

मुलगी: म्हणजे पुन्हा तोंड बुजलं तर पुन्हा तसंच होणार. आणि दोन वर्षांत बांध काही घट्ट झालेला नाही.

बाबा: आणखी एक सांगायचंय. आता सगळंच सांगतो.

मुलगी: सांगा.

बाबा: मी सकाळी फिरायला म्हणून जातो ना, तो बसने बांधाच्या पायथ्याशी जातो. चार आठवडे झाले, तिथे ओल आहे. आधी चटईएवढी होती, आता या खोलीएवढी. काचेच्या बाटलीत धरून बघतो. अजून नितळ आहे. नितळ आहे तोवर पाणी दगडांतून वाट काढतंय. गढूळ दिसलं की समजायचं, आतली माती निघाली. त्या दिवशी अर्जबिर्ज करत बसू नकोस.

मुलगी: कचेरीत सांगितलंत?

बाबा: सांगितलं. नवीन इंजिनियर चांगला मुलगा आहे, चहा दिला त्याने. म्हणाला, आता आपोआप मोजणारं यंत्र बसवलंय काका, पातळी एकदम नेहमीसारखी आहे. आणि नेहमीची म्हणजे काय ते बघायला त्याने संगणकावर माझेच आकडे उघडले. म्हणाला, हे बघा, याहून जास्त तर तुमच्याच वहीत आहे, तेव्हा काय झालं होतं? मी तिथे बसून बघत होतो. तिचे अकरा आकडे. चहा संपवला आणि उठून आलो.

मुलगी: मॅडमना फोन लावते. तुम्ही इथेच बसा. स्पीकरवर ठेवते.

मॅडम: बोल गं. पाठवलास ना? मी इथे दर दहा मिनिटांनी पान ताजं करून बघतेय, तुझं नाव काही येत नाही.

मुलगी: नाही पाठवला. मॅडम, चाचणी खोटी आहे.

मॅडम: म्हणजे? प्रोग्रॅममध्ये चूक सापडली?

मुलगी: आकड्यांत. ते अकरा दिवस मोजलेलेच नाहीत. अंदाजाने भरलेत. खरी पातळी दीड मीटर वर होती. बाबा शेजारी बसलेत, ऐकताहेत.

मॅडम: नमस्कार.

बाबा: नमस्कार बाई. चूक माझी आहे. तिला आत्ता अर्ध्या तासापूर्वी कळलं.

मॅडम: दीड मीटर. बरं. मला जरा दार लावू दे. हां. आता ऐक, मी तुझ्या जागी असते तर काय काय करता आलं असतं ते सांगते, म्हणजे नंतर मला दोष देऊ नकोस. एक, काहीच न बोलता पाठव. तास मिळतील, शंभर टक्के मिळतील, तो आलेख बघून कुणी नाही म्हणणार नाही. मग खरी पातळी घालून गणितं कर.

मुलगी: आणि खाली बाबांची सही?

मॅडम: तेच. ते मी सुचवत नाहीये, फक्त मोजून दाखवतेय. दोन, चाचणी काढून टाक. चाचणीशिवाय अर्ज पहिल्याच बैठकीत बाजूला पडेल. तीन, पुढच्या फेरीला थांब. सहा महिने.

मुलगी: बांधाच्या पायथ्याशी ओल आलीय, मॅडम. चार आठवडे वाढतेय.

मॅडम: रंग?

बाबा: नितळ. आज सकाळपर्यंत.

मॅडम: हे तुम्ही कुठे लेखी दिलंय का?

बाबा: तोंडी सांगितलं.

मॅडम: तोंडी सांगितलेलं कुणी सांगितलेलं नसतं. अगं, ऐकतेयस ना? आहेस ना तिथे?

मुलगी: आहे. मला भीती वाटतेय.

मॅडम: मलाही वाटतेय. लॅपटॉप उघडा आहे का?

मुलगी: उघडा आहे.

मॅडम: मग घाबरत घाबरतही टाइप करता येतं. चौथा रस्ता आहे, तो मला आवडत नाही, पण आहे. तातडीचा अर्ज. लोकांच्या जिवाला धोका असेल तर समिती वेगळ्या यादीत घेते. त्यात लिहावं लागेल की तुझा प्रोग्रॅम चुकला. साफ चुकला. खरं पाणी पाच अडतीसला गेलं आणि त्याने तीन शहाऐंशी सांगितलं. तळ्याचं तोंड बुजणं, बांधाच्या आतून पाणी झिरपणं, हे सगळं धरायला तुझ्याकडचं यंत्र पुरत नाही, म्हणून ते मोठं हवंय. हरल्याचा आलेख लावून तास मागायचे. माझ्या बावीस वर्षांत असा अर्ज मी पाहिलेला नाही. ते हसतीलही.

मुलगी: आणि पाच अडतीसला पुरावा काय?

मॅडम: तो तर तुझ्या शेजारी बसलाय. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं सहीचं निवेदन. पण काका, त्यात तुम्हाला लिहावं लागेल की अकरा दिवस तुम्ही गेला नव्हता आणि खूण पुसलीत. ते कागद समितीपुरते राहणार नाहीत. तुमच्या कचेरीकडे जातील. चौकशी लागेल, आणि उरलेल्या वह्यांवरही लोक बोट ठेवतील.

बाबा: सगळ्या वह्यांवर?

मॅडम: ठेवतील. मी खोटा धीर देत नाही.

बाबा: वादळातल्या दिवसांवरही?

मॅडम: हो.

बाबा: हं.

मुलगी: बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी दुसरा काहीतरी मार्ग काढेन.

बाबा: कुठला काढशील? चार वाजत आले. लिही. मी सांगतो तसं लिही, आणि मला वाचून दाखव.

मॅडम: मी फोन ठेवते. चाचणीचा भाग मी इथून बदलून पाठवते, तू निवेदन कर. आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला ओलीबद्दल आजच, आत्ताच लेखी कळवा. त्याची प्रत अर्जाला जोड. तो अर्ज समितीला पटेल न पटेल, हे मात्र पटलंच पाहिजे.

बाबा: लिहितेस ना? 'मी पातळी वाचक म्हणून कामाला असताना दोन वर्षांपूर्वी सलग अकरा दिवस तळ्यावर गेलो नाही. पत्नी दवाखान्यात होती.' पत्नीचं नको लिहूस. सबब वाटेल.

मुलगी: कारण विचारलंय त्यांनी. रकाना आहे.

बाबा: मग लिही. 'त्या दिवसांचे आकडे मी मनाने भरले.'

मुलगी: तुम्ही नाही भरलेत.

बाबा: माझ्या नावावर लिही. तिचं नाव कशाला तिथे? ती उत्तर द्यायला नाही.

मुलगी: आज तरी खरं लिहूया, बाबा. सगळंच.

बाबा: तिला खोटं बोलणारी म्हणतील.

मुलगी: मी असं लिहिते, ऐका. 'हे आकडे घरातील एका जाणकार व्यक्तीने आभाळ पाहून केलेले अंदाज आहेत. ते प्रत्यक्ष मोजलेले नाहीत. सर्वोच्च पातळी निरीक्षकाने भिंतीवरील चिखलाच्या खुणेवरून, स्वतःच्या खांद्याच्या उंचीला, पाहिली. नंतर त्यानेच ती खूण पुसली.'

बाबा: जाणकार लिहिलंस?

मुलगी: हो.

बाबा: हसली असती. राहू दे. पुढे?

मुलगी: पुढे ओलीचं लिहिलंय, तारखेसकट. कधी चटईएवढी होती, कधी खोलीएवढी. तारखा आठवतात?

बाबा: आठवायच्या कशाला, लिहून ठेवल्यात. निवृत्त झालो म्हणून काय झालं. वही आतल्या कपाटात आहे, आण. आणि हो, त्यात दोन दिवस रिकामे आहेत. सर्दीने गेलो नव्हतो. तसेच सोडलेत.

मुलगी: इथे सही करा. आधी वाचा.

बाबा: वाचलं. दुसऱ्या ओळीत 'पट्टी' राहिलंय, घाल ते. नुसतं 'वाचन' म्हटलं तर त्यांना वाटेल पुस्तक वाचायचो. हां. आता कर पुढे.

मुलगी: आपत्ती कक्षाला गेलं. त्यांच्याकडून पोच आली, उद्या सकाळी आठला माणूस पाठवतो म्हणालेत, वाट दाखवायला तुम्ही हवेत. आता हा मोठा. चढतोय. फाइल जड आहे.

बाबा: किती वाजले?

मुलगी: चार बावन्न.

बाबा: लाइट गेली तर?

मुलगी: असलं काही बोलू नका ना. पंच्याऐंशी टक्के. त्र्याण्णव. मॅडमचा मेसेज आलाय, तुझे बाबा मोजतात तसं मोजायला शिक म्हणून. गेला. नंबर आला.

बाबा: उत्तर कधी?

मुलगी: तातडीच्या यादीत घेतला तर दहा दिवसांत. नाहीतर तीन महिने. मग गणितं, ती एक आठवडा.

बाबा: आणि पाणी?

मुलगी: पाणी कुणाच्या यादीत नाही.

बाबा: सगळ्यांत खालचं घर तुझ्या मावशीचं आहे.

मुलगी: माहितेय. मघाशी आकडा आला तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तिला आत्ता फोन लावा. म्हणावं, आज इकडे वर राहायला ये, कपडे घेऊन ये.

बाबा: आणि बाकीची वस्ती? तिला एकटीला वर घ्यायचं आणि त्यांना तिथे ठेवायचं?

मुलगी: उद्या आठच्या माणसाने ओल बघून वस्तीला सांगितलं नाही, तर मी दारोदार जाऊन सांगेन. तुम्ही सोबत या. पण मावशीला आज.

बाबा: ती कारण विचारेल. शंभर प्रश्न विचारेल. फोनवर पाण्याचं सांगितलं तर घाबरून तिथेच बसून राहील, गुडघे धरून.

मुलगी: मग पाण्याचं ती इथे आल्यावर मी सांगते. तुम्ही एवढंच सांगा, पोरीला करमत नाहीये, बोलावतेय.

बाबा: म्हणजे पुन्हा फोनवर अंदाजाने काहीतरी सांगायचं.

मुलगी: हा अंदाज नाही, बाबा. खरंच करमत नाहीये मला.